दोन जावा आणि कच्ची आवृत्ती

१७ ऑगस्ट, रविवार

आज आमच्या कॉम्प्युटरचं दुसऱ्यांदा बारसं झालं. त्याच्यातली विंडोज ऑक्टोबरात म्हातारी ठरणार, नवी त्याला झेपणार नाही, आणि बँकेतून निवृत्त झालेले आमचे हे नवं यंत्र घ्यायला तयार नाहीत. म्हणून लिनक्स. फुकट असतं, जगभरची माणसं मिळून लिहितात आणि कुणालाही उघडून आत बघता येतं, असं ह्यांनी समजावलं. मी आत बघितलं. बघून समजण्यासारखं काही नाही.

माझं पुस्तक मात्र जसंच्या तसं आहे, ते आधी तपासलं. डिंडोलीत आमच्या वस्तीतली पोरं घरात मराठी बोलतात, गल्लीत हिंदी आणि शाळेत गुजराती, आणि मराठीची पाटी वाचायला गेली की ततपप करतात. त्यांच्यासाठी तीन वर्षं मी हे ‘अक्षरवाट’ टाइप करते आहे. दिवाळीच्या सुमाराला छापायला जाईल.

ह्यांनी एकच नियम घालून दिला. खाली कोपऱ्यात ढालीचं चित्र आहे, त्यावर लाल ठिपका दिसला की अपडेट करायचं. चोर रोज नवी किल्ली बनवतात, तर आपणही कुलूप बदलत राहायचं. एवढं सांगून, ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स घातलं तीच घेऊन हे दोन गल्ल्या पलीकडे, मोठ्या भावाकडे गेले. तिथेही हेच बारसं. कसं झालं ते मी विचारलं नाही. त्या घराबद्दल मी काहीच विचारत नाही.

२४ ऑगस्ट

ठिपका आला. आला तर आला. कपाळावर कुंकू असावं तसा शोभतो आहे.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

दोन गल्ल्यांत दोन गणपती, मागच्या वर्षीपासून. त्याआधी लग्न होऊन आल्यापासून मी एकच पाहिला, विकासदादांकडचा, कारण ते थोरले. आज आरतीला आम्ही दोघं आणि समोरच्या उषाबाई. उषाबाईंना आरती येत नाही, टाळ्या येतात. आणि ह्यांना अर्ध्या आरतीचे शब्दच येत नाहीत, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. आजवर दादांच्या आवाजाखाली खपून जात होतं.

दोन गणपती का, तेही लिहून ठेवते. पुतण्याच्या, म्हणजे शुभमच्या हळदीला मी खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या. माझ्या थोरल्या जाऊबाई, वत्सलाताई, भरल्या मांडवात म्हणाल्या, “मास्तरीणबाईंची पोळी. वेळेवर, पण कच्ची.” मांडव हसला. हेही हसले. ह्यांचं हसणं मी घरी आल्यावर थांबवलं आणि वत्सलाताईंशी बोलणं तिथल्या तिथे.

दादा-वहिनींचा विषय निघाला की हे हल्ली ताटातला भात गोल गोल फिरवत बसतात. भात निवतो.

४ सप्टेंबर, गुरुवार

ठिपका आहे तिथेच आहे. ह्यांनी आठवण करून दिली, मी उद्या म्हटलं. परवाही उद्याच म्हटलं होतं.

रात्री जेवताना हे अगदी सहज म्हणाले की वहिनींची सगळी अपडेटं झाली. तीही साध्या बटणाने नाही, काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून. मग थोडं थांबून, “आणि काहीतरी बोलल्याही म्हणे.” काय बोलल्या? तर जाऊ दे. मी भाजीचा डाव हातातच धरून ठेवला, तेव्हा ह्यांनी तोंड उघडलं. वत्सलाताई म्हणाल्या की सुलभाला नाही जमायचं, ती शिकवायची त्या शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीला कायम कुलूप असायचं.

कुलूप होतं, हे खरं. पण वत्सलाताईंना ते कळलं कसं? मी तर ते फक्त ह्यांना सांगितलं होतं. डिंडोलीत भिंतींना कान आहेत.

५ सप्टेंबर, शिक्षक दिन

सकाळी चहाच्या आधी काळी खिडकी उघडली. हुकूम बरोबर दिला. तिने पासवर्ड मागितला. मी टाइप केला तर काहीच उमटेना, साधा ठिपकासुद्धा नाही. पुन्हा केला. मग कीबोर्ड उलटा करून झाडला. त्यातून पुष्कळ शेव निघाली, पण पासवर्ड नाही. शेवटी ह्यांना हाक मारली. म्हणाले, न उमटणं हेच बरोबर आहे, मागे उभ्या असलेल्या माणसाला किती अक्षरं आहेत तेही कळू नये. मी म्हटलं, माझ्या मागे तुम्हीच तर उभे असता.

पण जमलं. ओळींमागून ओळी धावल्या, पाऊण तास. ढालीवरचा ठिपका गेला आणि हिरवी खूण आली. मी तिचा फोटो काढला. हे म्हणाले, फोटो कशाला? मी म्हटलं, असू दे.

हे बाहेर ओट्यावर जाऊन कुणाशी तरी फोनवर हसत होते. मी गेले तर फोन बंद.

१४ सप्टेंबर, रविवार

नातेवाइकांच्या ग्रुपवर सकाळीच वत्सलाताईंचा फोटो. हिरवी ढाल, आणि खाली ओळ, ‘घर असो की कॉम्प्युटर, झाडू रोज लागतो.’ कुणासाठी लिहिलं ते कळण्याइतकी मी शिकलेली आहे. माझी ढाल लगेच टाकली आणि खाली लिहिलं, ‘आमच्याकडे पहाटेच झालं.’ तिसऱ्या मिनिटाला विकासदादांनी दोन्ही फोटोंना अंगठा दिला. ह्यांनीही. अमळनेरच्या आत्याबाईंना वाटलं लसीचं काही आहे, त्यांनी विचारलं, दोघींनी कुठली टोचून घेतली?

पहाटे काही झालं नव्हतं. लिहून झाल्यावर घाईघाईने केलं.

२१ सप्टेंबर, रविवार

हे दर रविवारी नाश्त्याला डाळीचा वाफवलेला लोचो आणायला जातात. गाडी कोपऱ्यावरच आहे, पण यायला दीड तास लागतो. गर्दी असते म्हणे. लोचो गार होऊन येतो आणि त्याबरोबर बातमी गरम. आजची बातमी अशी की वत्सलाताईंकडे नवा कर्नेल आला. कर्नेल म्हणजे काय ते मला माहीत नाही, पण आमच्याकडे जुना होता हे नक्की. दुपारच्या आत बदलला.

एक मात्र आहे. यंत्र आता भलतंच चपळ झालंय. अक्षरवाटचा जोडाक्षरांचा धडा उघडायला पूर्वी चहा करून यायचे, आता पदर खोचेपर्यंत उघडतो. पण हे मी कुणाला सांगणार नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

यंत्राला झेंडूचा हार घातला, ढालीलाही पडद्यावरूनच कुंकू लावलं. ते निघायला बराच वेळ लागला.

दुपारी एक गंमत सापडली. लिनक्सची पुढची आवृत्ती तयार आहे, पण अजून जाहीर झालेली नाही. हौशी लोकांनी चाचणीसाठी घ्यावी, रोजच्या कामाच्या यंत्रावर घालू नये, असं लिहिलंय. रोजच्या कामाच्या माणसांसाठी असेल ती सूचना.

ह्यांना सांगितलं तर हे खरोखर दचकले. घास हातात राहिला. “ती नको. ती कच्ची असते, सुलभा.” कच्ची हा शब्द ह्या घरात वापरायचा नाही असं ठरलं होतं. मी ताट उचललं.

११ ऑक्टोबर, शनिवार

हे आज चलथाणला गेले, साखर कारखान्यातल्या मित्राच्या मुलीच्या साखरपुड्याला. उद्या संध्याकाळी येतील. निघताना सांगून गेले की वहिनी तर मंगळवारीच नव्या आवृत्तीवर गेल्या.  मग ह्यांनी मला खुर्चीवर बसवून पडद्यावर दाखवलं, हे बघ, इथे जायचं नाही, हे निवडायचं नाही, आणि मग इथे खाली जे बटण येतं ते मुळीच दाबायचं नाही. दोनदा दाखवलं. इतकं नीट तर कामाचं काही दाखवत नाहीत.

त्याआधी बराच वेळ यंत्रापाशी बसून पेनड्राइव्हमध्ये काहीतरी भरत होते. गाणी, म्हणाले, वाटेत ऐकायला. हे स्कूटरवरून गेले आहेत. मित्राच्या गाडीत ऐकणार असतील.

अक्षरवाट पूर्ण झालं. सोमवारी सकाळी प्रेसवाल्या लखनभाईंना द्यायचं आहे. हातात अख्खा दिवस मोकळा आहे, आणि वत्सलाताई नव्यावर आहेत.

१२ ऑक्टोबर, रविवार

काल लिहून झाल्यावर ते बटण दाबलं. रात्रभर उतरत राहिलं. सकाळी यंत्र आपणहून बंद झालं, चालू झालं, आणि मग पडदा काळा. डाव्या कोपऱ्यात पांढरी रेघ, उघडझाप करणारी. मी एक तास तिच्याकडे बघत बसले. तीही माझ्याकडे.

तीन वर्षं. जोडाक्षरं, रफार, उसाच्या ट्रकचं चित्र, सगळं त्या रेघेच्या मागे. दुसरी प्रत नाही. प्रत काढून ठेव असं यंत्र सारखं सुचवायचं, मी ते बंद करून टाकलं होतं, कारण जागा खातं.  ह्यांचा फोन लागेना. पुण्याला नेहाला लावला. माझी मुलगी एरवी रविवारी बारापर्यंत झोपते, पण आज पहिल्या रिंगला उचलला. तिने शांतपणे सांगितलं की फाईली बहुतेक सुखरूप असतील, कोसळलाय तो वरचा डोलारा. लिनक्सची पेनड्राइव्ह लावून यंत्र तिच्यावर चालू करायचं आणि फाईली बाहेर काढायच्या. मी म्हटलं, पेनड्राइव्ह तुझ्या बाबांनी नेली, गाण्यांसाठी.

“मग मोठ्या आईकडे असेल,” नेहा म्हणाली. मोठी आई म्हणजे वत्सलाताई. मी फोन ठेवून चपला घातल्या.

दोन गल्ल्या चालायला किती वेळ लागतो? मला पाऊण तास लागला, कारण मी तीनदा परत फिरले. वत्सलाताईंच्या ओसरीत दिवाळीची घाई होती. लाकडी चौकटीवर साडी ताणून चार बाया मणी लावत बसलेल्या, मध्ये वत्सलाताई, चष्मा नाकावर. सगळ्यांचे हात थांबले. इतक्या बायांसमोर मी काय मागणार?

“ताई, थोडं मीठ मिळेल का?”

दीड वर्षातलं माझं पहिलं वाक्य.

त्यांनी सुईवरून नजर काढली नाही. “मीठ आणायला दोन गल्ल्या?” मग बायांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, “पडदा काळा आहे की निळा?”

“काळा.”

“रेघ उघडझाप करते?”

“करते.”

सुई साडीत खोवून त्या उठल्या. “माझीपण करत होती. मंगळवारी.”

पेनड्राइव्ह पदराच्या गाठीत बांधून त्या माझ्याबरोबर निघाल्या. त्यांचं यंत्र कोलमडल्यावर विकासदादांनी करून दिली होती. घरी आल्यावर आमची निराळीच शर्यत लागली. यंत्र चालू होता होता एक ठरावीक बटण दाबत राहायचं असतं, तरच ते पेनड्राइव्हकडे बघतं. वत्सलाताई ते शिलाई मशीनच्या पायट्यासारखं दाबत होत्या, मी इंग्रजी सूचना वाचून ओरडत होते, आणि दोघींची वेळ काही जुळत नव्हती. दोनदा रेघच आली. तिसऱ्यांदा मी बटण दाबलं, त्यांनी माझा हात दाबला, आणि पडदा उजळला. आत, एका कोपऱ्यात, माझं अक्षरवाट. मी खुर्चीवर बसले ती उठलेच नाही. चहा वत्सलाताईंनी केला. साखरेचा डबा कुठे असतो ते त्या विसरल्या नव्हत्या.

फाईली बाहेर यायला वेळ होता. पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “तुम्ही त्या कुलपाचं बोलला नसता, तर मी त्या ढालीकडे बघितलंही नसतं.”

“कुठलं कुलूप?”

मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. रागावल्या की त्या थेट अहिराणीवर येतात. “तुले कोनी सांगं हाई?”

“ह्यांनी.”

“आणि तू नाही म्हणालीस, मणी ओवणाऱ्या हाताला माउस पेलायचा नाही म्हणून?”

“मी? कधी?”

“आमचे हे सांगत आले. रविवारी, लोचो घेऊन.”

आम्ही दोघी पट्टीकडे बघत बसलो. मग एकेक बाहेर निघालं. काळ्या खिडकीतलं अपडेट आधी मी केलं होतं, त्यांनी नाही. कर्नेल त्यांनी बदलला तो मी बदलला असं ऐकून. ही कच्ची आवृत्ती त्यांनी मंगळवारी घातली, कारण सुलभाने सोमवारी घातली असं विकासदादा सांगत आले. म्हणजे लोचोच्या गाडीवर दोघे भाऊ बसून दर आठवड्याला आमची भांडणं मळत होते, आणि कशासाठी, तर ढालीवरचे ठिपके जावेत म्हणून. बँकेतल्या माणसाचं डोकं. सुरक्षितता पहिली.

“पण पोळीचं?” मी विचारलं.

“पोळीचं मीच बोलले होते,” वत्सलाताई म्हणाल्या. “पहिल्या दोन कच्च्या होत्या. पुढच्या चांगल्या होत्या. पुढच्या खाऊन मग बोलायला पाहिजे होतं.”

त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. मी त्यांच्या कपात अजून चहा ओतला.

मग आम्ही ठरवलं. आपण बोलायला लागलो हे दोघांनाही कळू द्यायचं नाही. त्यांनी आपल्याला दोन महिने खेळवलं, आता आपली पाळी.

संध्याकाळच्या आत जुनीच पक्की आवृत्ती पुन्हा घातली आणि पुस्तक दोन ठिकाणी ठेवलं. वत्सलाताई गेल्या आणि दिवेलागणीला हे आले. मी सगळं कोरड्या चेहऱ्याने सांगितलं, म्हणजे काहीच झालं नाही असं सांगितलं. ह्यांनी मोरीत पडलेले दोन कप पाहिले आणि कधी नव्हे ते दोन्ही धुऊन ठेवले. चलथाणला चांगलं वळण लावलेलं दिसतं.

१५ ऑक्टोबर

जेवताना मी सहज म्हटलं, वत्सलाताईंनी मोठा पडदा घेतला म्हणे. हे म्हणाले, कोण म्हणालं? मी म्हटलं, उषाबाई. हे माझ्याकडे बघत राहिले आणि मिशीवरून हात फिरवला. मिशीला खाज सुटली असावी.

उद्या बघू या म्हणाले. तिकडे वत्सलाताईंनी विकासदादांना हेच सांगितलंय, फक्त माझ्या नावाने.

१७ ऑक्टोबर

दोन्ही घरी मोठे पडदे आले, एकाच दुकानातून, एकाच टेम्पोतून. दोघा भावांना योगायोगाचं काहीच वाटलं नाही. पुरुषांचं लक्ष नसतं.

१९ ऑक्टोबर

दोघींनी मिळून फराळ केला, माझ्याकडे. हे आणि विकासदादा आज दिवसभर नेमके बाहेर होते, हे पेन्शनवाल्यांच्या मंडळात आणि दादा कापडाच्या कारखान्यातल्या हिशेबाला. चकल्यांचे दोन ढीग केले. वत्सलाताईंनी सोऱ्या धरला आणि मी पीठ मळलं. त्यांनी पीठ चाखून बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं.

रात्री ह्यांनी चकली खाल्ली, डोळे मिटले आणि म्हणाले, “अगदी पूर्वीसारखी झाली.” पूर्वीसारखी म्हणजे कशी, ते सांगेनात. आणखी चार खाल्ल्या. मग आरशासमोर उभे राहून उगीचच शीळ घालत होते.

३० ऑक्टोबर, गुरुवार

गुरुवार आता आमचा झाला. पेन्शनवाल्यांच्या मंडळाची बैठक आता दर गुरुवारी तीन ते पाच असते, असं ह्यांनी आपणहून सांगितलं, आणि तिकडे दादांनाही त्याच वेळी सुताचे नमुने बघायला जावं लागतं. वत्सलाताई मागच्या दाराने येतात. आधी माझ्या यंत्राची अपडेटं, मग पेनड्राइव्हवर प्रत, मग चहा. त्यांचं यंत्र दूरवरून इथूनच कसं अपडेट करायचं ते आम्ही दोघींनी मिळून शोधून काढलं. ग्रुपवर मात्र आम्ही कडाक्याने भांडतो. काल त्यांनी लिहिलं, ‘काहींची ढाल फक्त फोटोपुरती.’ ते वाक्य माझंच, मी सांगितलं आणि त्यांनी टाइप केलं.

आत्याबाईंनी दोघींना फोन करून समेट करायला सांगितलं. आम्ही दोघींनी नकार दिला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अक्षरवाट छापून आलं. पहिला गठ्ठा वत्सलाताईंच्या ओसरीत गेला. मणी लावणाऱ्या बायांनी आपापल्या पोरांसाठी उचलला, आणि प्रियांका नावाच्या एकीने तिथेच बसून उसाच्या ट्रकचा धडा मोठ्याने वाचला. स्वतःसाठी. रफाराला अडखळली, पण सुटली. मी आणि वत्सलाताई दाराआडून ऐकत होतो, कारण समोरून दादा येत होते.

दोघा भावांना अजून पत्ता नाही. इतक्या दिवसांत एकदाही पकडले गेलो नाही, ह्याचं श्रेय मी आमच्या सावधपणाला देते.

फक्त ह्यांच्या तब्येतीची काळजी वाटते. गुरुवारी बैठकीहून येताना गल्लीच्या तोंडापासून मोठमोठ्याने खोकत येतात. गेटशी आले की चपला आपटतात, कडी वाजवतात, आणि तिथेच थांबून कुणाला तरी लांबलचक फोन करतात. तेवढ्यात वत्सलाताई डबा भरून घेऊन मागच्या दाराने सावकाश निघून जातात. आज मी ह्यांना म्हटलं, एकदा छातीचा फोटो काढून घ्या. म्हणाले, नको, एरवी बरा असतो.

वत्सलाताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, विकासदादांनाही हुबेहूब तसाच आहे. भावाभावांत असायचाच. घराण्यातला दोष.